दहा रुपये आणि पंधरा लाख

नदीचा घाट, वाटेवरची धर्मशाळा, मंदिराचा कळस, अन्नछत्र यांसाठी आपल्या पूर्वजांनी सढळ हाताने द्रव्य वेचले. परंतु मुलींच्या, विशेषतः विधवांच्या, शिक्षणासाठी झोळी फिरवणे आणि त्या झोळीत चार नाणी टाकणे ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या समाजाच्या अंगवळणी पडलेली नव्हती. ती पाडण्याचे श्रेय ज्यांना दिले पाहिजे, त्यांत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव अग्रभागी आहे. अण्णासाहेबांच्या समाजसुधारणेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांना हात देणाऱ्या दात्यांविषयी मात्र त्या मानाने कमी लिहिले जाते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या दात्यांचे स्मरण करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

अण्णासाहेब १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा पहिली मोठी देणगी त्यांनी स्वतःच दिली. ती म्हणजे त्यांनी साठवलेली एक हजार रुपयांची पुंजी. आधी आपण द्यावे, मग लोकांकडे मागावे, हा क्रम त्यांनी पुढे कधी मोडला नाही. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगणे येथील सहा एकर जमीन व बांधकामासाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली आश्रम तेथे गेला. दिवसभर महाविद्यालयात शिकवून संध्याकाळी पायी हिंगण्यास जायचे आणि सुटी लागली की वर्गणीसाठी गावोगाव हिंडायचे, असा अण्णासाहेबांचा अनेक वर्षांचा परिपाठ होता.

वर्गणी मागणाऱ्यांत पार्वतीबाई आठवले यांचे स्थान वेगळे आहे. अण्णासाहेबांच्या या मेव्हणीला ऐन तारुण्यात वैधव्य आले. अक्षरओळखही उशिराच झाली. पण त्याच बाई पुढे संस्थेसाठी गावोगाव व्याख्याने देऊ लागल्या. १९१८ साली, इंग्रजी जेमतेम येत असताना, त्या अमेरिकेस गेल्या. परक्या घरांतून घरकाम करून त्यांनी पोट भरले, भाषा शिकली आणि संस्थेसाठी पैसाही मिळवला. परमुलखात संसार मांडलेल्या आपणा वाचकांना या धाडसाचे मोल निराळे सांगावयास नको.

विद्यापीठाची कल्पनाही महाराष्ट्राबाहेरून आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी अण्णासाहेबांकडे जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पाठवली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि त्या व्यासपीठावरून त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची योजना मांडली. १९१६ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी ते स्थापनही केले. तेव्हा विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य केंद्र सरकारच्या सेवेत गेले आहे. सरकारी पैसा कसा चालतो हे त्यामुळे थोडेफार ठाऊक आहे. अंदाजपत्रकात ज्याला लेखाशीर्ष नाही, त्यावर एक रुपयाही खर्च करता येत नाही. नियम आधी, पैसा मागून, हीच तेथील रीत. आणि जनतेच्या पैशाच्या बाबतीत ती योग्यही आहे. पण अण्णासाहेबांना जे करावयाचे होते, त्याला तेव्हा लेखाशीर्षच नव्हते. उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, गृहजीवन व आरोग्य हे विषय पदवीला लावायचे आणि जिच्याजवळ फी नाही अशा विधवेला वसतिगृहात ठेवून घ्यायचे, असा त्यांचा संकल्प होता. या विद्यापीठाच्या पदवीला सरकारची सनद नव्हती. फीवर भागावे इतक्या विद्यार्थिनी नव्हत्या. उरला तो केवळ लोकाश्रय.

या लोकाश्रयाची दोन टोके उद्बोधक आहेत. मातृभाषेचे माध्यम गांधीजींना पसंत पडले, इंग्रजी आवश्यक ठेवणे मात्र पटले नाही. अण्णासाहेबांनी आपला आग्रह सोडला नाही. तरीही गांधीजींनी दरसाल दहा रुपये वर्गणी देण्याचे मान्य केले. मतभेद राखूनही देता येते, हा धडा त्या दहा रुपयांत आहे. दुसरे टोक १९२० सालचे. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, १९२१ साली, पहिल्या पाच विद्यार्थिनी पदवीधर झाल्या. एका मराठी शिक्षकाच्या स्वप्नाला गुजराती भाषिक घराण्याने आधार दिला आणि मराठीबरोबर गुजराती मुलीही आपापल्या भाषेतून शिकू लागल्या. दात्याच्या घराण्याचा संबंध धनादेशापाशी संपला नाही. १९५१ साली विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाली, तेव्हा लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी कुलगुरुपदाची धुरा वाहिली.

पंधरा लाख मिळाल्यावर लहान वर्गणीची गरज उरली नाही, असे मात्र झाले नाही. सत्तरी ओलांडलेले अण्णासाहेब १९२९ पासून युरोप, अमेरिका व जपान हिंडून आले आणि नंतर पूर्व व दक्षिण आफ्रिकेतही गेले. तेथील हिंदी लोकांनी, घरापासून हजारो मैल दूर असताना, कधी न पाहिलेल्या मुलींच्या शिक्षणासाठी आपल्या कष्टाच्या कमाईतला वाटा दिला. मोठी देणगी इमारत उभी करते. पण ही संस्था आपली आहे असे म्हणणारी हजारो घरे लहान वर्गणीनेच जोडली जातात.

१९३६ साली अण्णासाहेबांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले. तेव्हा त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा सत्तर रुपये होते. त्यांतील पंधरा रुपये त्यांनी प्रथम स्वतः दिले आणि मग वृद्धापकाळी पुन्हा झोळी घेऊन बाहेर पडले. शहरातल्या मुलींसाठी सुरू झालेला दानाचा ओघ असा खेड्यातल्या पाटीपर्यंत पोहोचला. १९५८ साली राष्ट्राने त्यांना भारतरत्न दिले.

आपले मंडळ आज पन्नास वर्षांचे होत आहे. गणेशोत्सव, नाटके, ग्रंथालय यांसाठी आपण आनंदाने वर्गणी दिली, देतही राहू. पण आपण ज्या गावाचे अन्न खातो, त्या गावच्या महाविद्यालयात फी, पुस्तके वा वसतिगृह यांवाचून अडलेली मुले असतातच. मग ती मराठी असोत वा नसोत. त्यांच्यासाठी एक कायमचा विद्यार्थी निधी या वर्षी सुरू व्हावा, असे मनापासून वाटते. पंधरा लाख देणारा आपल्यांत कदाचित नसेल. दरसाल दहा रुपये देणारा मात्र प्रत्येक घरात आहे, आणि आरंभ नेहमी त्याच्यापासूनच झालेला आहे.