शालेय लॅपटॉप योजना आणि डिजिटल विषमता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती स्वतंत्र लॅपटॉप दिल्यास श्रीमंत व गरीब मुलांमधील शैक्षणिक दरी मिटेल, हा विचार २००५ नंतर अनेक देशांच्या शासकीय धोरणाचा भाग बनला. प्रस्तुत लेखात या विचाराचा ऐतिहासिक मागोवा घेऊन, यंत्राच्या मालकीतील विषमता आणि शिकण्यातील विषमता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कल्पनेचा उगम

या विचारास तात्त्विक बैठक दिली ती प्रामुख्याने सेमूर पेपर्ट यांनी. 'माइंडस्टॉर्म्स' (१९८०) या ग्रंथात त्यांनी मूल संगणकाला आज्ञा देत स्वतःच्या विचारप्रक्रियेचाच शोध घेते, अशी भूमिका मांडली. भारतात १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने 'क्लास' प्रकल्पाद्वारे बीबीसी मायक्रो संगणक सुमारे २५० शाळांत नेले. पण तेथे एका शाळेस मोजकेच संगणक मिळत.

'प्रत्येकास एक' या पद्धतीचा आरंभीचा महत्त्वाचा प्रयोग १९९० मध्ये मेलबर्नच्या मेथडिस्ट लेडीज कॉलेज या खाजगी शाळेत झाला. ही शुल्क आकारणारी, सुस्थित वर्गातील मुलींची शाळा होती. सार्वजनिक शाळांसाठी राज्यव्यापी योजना अमेरिकेतील मेन राज्याने २००२ मध्ये सातवीच्या वर्गापासून सुरू केली. म्हणजे समतेचे साधन म्हणून पुढे जगभर गेलेली ही कल्पना प्रथम रुजली ती साधनसंपन्न शाळेत. तेथे वीज, शिक्षक व दुरुस्तीची सोय आधीपासूनच होती. कल्पना गरीब देशांकडे निघाली तेव्हा या गोष्टी मागे राहिल्या.

शंभर डॉलरचा लॅपटॉप आणि भारत

निकोलस निग्रोपॉन्टी यांनी जानेवारी २००५ मध्ये दाव्होस येथे शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिस येथील जागतिक परिषदेत, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत, त्याचा नमुना सादर झाला. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या नावाने ही योजना ओळखली जाऊ लागली. प्रत्यक्षात २००७ पर्यंत त्याची किंमत १८० डॉलरच्या पुढे गेली.

भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली. वर्गखोल्या व शिक्षक यांची गरज अधिक तातडीची आहे, असा त्यामागील युक्तिवाद होता. तथापि २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत भारतातील पहिला पथदर्शी प्रयोग झाला. वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकाच खोलीत, एकाच शिक्षकापुढे बसत. लॅपटॉप प्रत्येक मुलास मिळाला, शिक्षक मात्र एकच राहिला. मंत्रालयाने उपस्थित केलेला प्रश्न या शाळेत मूर्त रूपात उभा होता.

पेरू आणि उरुग्वे

पेरूने २००८ पासून ग्रामीण व गरीब शाळांना प्राधान्य देऊन आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या संशोधकांनी ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. गणित व भाषा या विषयांतील संपादणुकीवर परिणाम आढळला नाही; सामान्य बौद्धिक कौशल्यांत मात्र काही वाढ दिसली. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि अनेक मुलांना लॅपटॉप घरी नेता येत नव्हता.

उरुग्वेने २००७ मध्ये अध्यक्ष ताबारे वाझ्केझ यांच्या काळात 'प्लॅन सेइबाल' आरंभिली आणि २००९ पर्यंत सार्वजनिक प्राथमिक शाळांतील सर्व विद्यार्थ्यांपर्यंत लॅपटॉप पोहोचविले. तेथे शाळांना इंटरनेट जोडणी देण्यात आली आणि योजनेसाठी स्थायी यंत्रणा उभी राहिली. गरीब व श्रीमंत कुटुंबांतील संगणकाच्या मालकीची तफावत झपाट्याने घटली. तरीही केवळ लॅपटॉपमुळे गणित व वाचनात सुधारणा झाल्याचे नंतरच्या अभ्यासांत आढळले नाही. पुढे २०१२ पासून या योजनेने दूरदृश्य प्रणालीद्वारे इंग्रजीचे शिक्षक वर्गात आणले. यंत्राच्या जोडीला शिक्षक हवा, याचीच ही कबुली म्हणावी लागेल.

महाविद्यालयाच्या दाराशी

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) भारतात ग्रामीण भागातील ४.४ टक्के, तर शहरी भागातील २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. २०२० मध्ये वर्ग बंद होऊन अध्यापन पडद्यावर आले, तेव्हा या आकड्यांचा अर्थ आपणा सर्वांस हजेरीपटावरच वाचावा लागला. गैरहजर विद्यार्थी निष्काळजी आहे की घरातील एकमेव मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेला आहे, हे पडद्यावरून कळण्यास मार्ग नव्हता.

समारोप

वरील विवेचनावरून लॅपटॉप वाटप निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. मालकीची दरी शासनाच्या निर्धाराने भरून निघू शकते, हे उरुग्वेने सिद्ध केले. परंतु शिकण्यातील दरी शिक्षकाशिवाय भरत नाही, हे पेरू व उरुग्वे या दोन्ही देशांच्या अनुभवावरून दिसते. वाटलेल्या यंत्रांची संख्या अहवालात सहज मांडता येते. त्या यंत्रासमोर बसलेल्या मुलाला शंका आली असता कोण उत्तर देणार, याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. यापुढील योजनांचे मूल्यमापन करताना हा रकाना निर्माण करणे, ही अध्यापक या नात्याने आपली जबाबदारी आहे.