एकटा पिंजरा, जोडीचा पिंजरा

या मालिकेत मी बहुतेक वेळा लढायांवर बोलतो. आज प्रयोगशाळेतल्या एका इतिहासावर बोलणार आहे, कारण त्याचा माझ्या एका जुन्या चुकीशी संबंध आहे.

मी कंपनी कमांडर होतो. एक चांगला जवान सुट्टीवरून परतला तो पिऊनच. पुन्हा पुन्हा तेच व्हायला लागलं. मी त्याला बराकीतून हलवून स्टोअरमागच्या खोलीत एकटं ठेवलं. म्हटलं, बाकीची पोरं बिघडायला नकोत. आमचे सुभेदारसाहेब म्हणाले, "सर, ह्याला एकटं टाकू नका. माझ्याजवळ राहू द्या." मी ऐकलं नाही.

आता इतिहासाकडे वळू. १९४० मध्ये अमेरिकेत कर्ट रिश्टर यांनी उंदरांसमोर साधं पाणी आणि दारू मिसळलेलं पाणी ठेवलं आणि ते काय निवडतात हे पाहिलं. दोन बाटल्यांची ही पद्धत पुढे रूढ झाली. १९५९ मध्ये मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी दाखवलं की, उंदरांचे काही वाण दारू आवडीनं पितात, तर काही तिला तोंडही लावत नाहीत. म्हणजे रक्ताचा, वंशाचा भाग आहेच. पण कोण किती प्यायलं हे नेमकं मोजायचं, म्हणून अशा प्रयोगांत प्राण्याला बहुधा एकट्याला ठेवत. मोजमाप सोयीचं झालं, पण सोबतीचा प्रश्न बाजूला राहिला.

तो प्रश्न माकडांमुळे पुढे आला. १९९१ मध्ये हिगली, सुओमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांचे दोन गट तपासले. एका गटातली पिल्लं आईजवळ वाढली होती, दुसऱ्यातली आईविना, फक्त बरोबरीच्या पिल्लांत. मोठेपणी गोड केलेली दारू समोर ठेवली, तेव्हा आईविना वाढलेली माकडं जास्त प्यायली. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. आईजवळ वाढलेल्या माकडांना सोबत्यांपासून तोडलं, तेव्हा त्यांचंही पिणं वाढलं आणि जवळजवळ दुसऱ्या गटाइतकं झालं. म्हणजे बालपण चांगलं गेलेल्यालाही एकटेपणा बाटलीकडे ढकलू शकतो.

त्यानंतर आला प्रेअरी व्होल. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातला हा उंदरासारखा छोटा प्राणी जोडीनं राहतो. ओरेगनमध्ये ॲनाकर आणि र्‍याबिनिन यांनी मधे जाळी लावून दोघांना शेजारी ठेवलं. एकमेकांची सोबत मिळते आणि कोण किती पितो हेही कळतं. २०११ च्या त्यांच्या निष्कर्षांत दिसलं की, शेजाऱ्यांचं पिणं एकमेकांशी जुळतं. जास्त पिणाऱ्याला कमी पिणारा सोबती दिला, तेव्हा काहींचं पिणं खाली आलं.

म्हणजे सोबत दोन्हीकडे ओढते. पिणाऱ्यांच्या टोळक्यात माणूस बिघडतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. पण न पिणाऱ्याची सोबत हेही औषध असू शकतं, हे आपण विसरतो आणि पिणाऱ्याला वाळीत टाकतो.

एक सावधगिरी सांगतो. व्होलला पगार नसतो, कर्ज नसतं, लाज नसते. माणसाचं दुखणं पिंजऱ्यात मावत नाही आणि नुसत्या सोबतीनं व्यसन सुटतं असंही नाही. डॉक्टर लागतोच.

त्या जवानाचं काय झालं? त्या खोलीत तो आणखी प्यायला लागला, मग रुग्णालयात गेला आणि शेवटी नोकरी सोडून घरी. माझ्या निर्णयामुळेच असं झालं, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण सुभेदारसाहेबांनी कुठलाही शोधनिबंध न वाचता जे सांगितलं, ते मी ऐकायला हवं होतं.

तुमच्या घरात, गल्लीत असा कोणी असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्या. आणि जेवताना त्याचं ताट वेगळं मांडू नका. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.