रेशमाचा आडोसा

मागच्या महिन्यात नागपूरच्या घरी कपाटं आवरायला काढली होती. सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेली आजीची कोसा साडी निघाली आणि तिच्याखाली अण्णांची एक फाईल. फाईलमध्ये काय, तर बोंडअळी, तुडतुडे, खोडकिडा... शेतकऱ्यांसाठी अण्णांनी लिहिलेली माहितीपत्रकं. माईआत्याला आणि दादाला आठवत असतील. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही गणितं सोडवायचो.

अण्णांचं खरं काम ज्वारीच्या वाणांवरचं. वरच्या साहेबांशी वाद झाला, बदली झाली आणि पुढची अकरा वर्षं त्यांनी किडींवरची पत्रकं लिहिली. घरात या विषयावर कोणी बोलायचं नाही. कधी निघालाच, तर अण्णा एवढंच म्हणायचे, "अरे, तेही कामच होतं."

गेली दोन-तीन वर्षं मी रशियातल्या जनुकशास्त्राच्या इतिहासाबद्दल जमेल तसं वाचतोय. त्यामुळे रेशीम आणि किडी असे एकाच कप्प्यात सापडल्यावर मला लगेच आठवला सेर्गेई चेतवेरिकोव्ह. आज त्याच्याबद्दलच लिहायचंय.

चेतवेरिकोव्ह १८८० साली मॉस्कोत, कापड गिरण्यांच्या मालकांच्या घराण्यात जन्मला. त्याला वेड मात्र फुलपाखरांचं आणि पतंगांचं. १९०५ मध्ये त्यानं 'जीवनाच्या लाटा' या नावाचा एक लेख लिहिला. एखाद्या वर्षी एखाद्या कीटकाचं नुसतं पेव फुटतं आणि नंतर तो दिसेनासा होतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. चेतवेरिकोव्हनं त्यापुढचा प्रश्न विचारला. लाट ओसरते तेव्हा जे थोडे जीव उरतात, त्यांच्यात योगायोगानं एखादा दुर्मीळ आनुवंशिक गुण असेल, तर पुढच्या लाटेत तो सगळीकडे पसरणार नाही का?

उत्तराच्या जवळ जायला वीस वर्षं लागली. १९२२ मध्ये हर्मन मुलर हा अमेरिकन शास्त्रज्ञ मॉस्कोला आला तो ड्रॉसोफिलाच्या बाटल्या घेऊनच. ड्रॉसोफिला म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी ती बारकी माशी. कोल्त्सोव्हच्या संस्थेत चेतवेरिकोव्हभोवती तरुण मुलांचा एक गट जमला. त्यांच्या चर्चेच्या बैठकीचं नाव होतं 'सोओर', म्हणजे साधारण 'एकत्र आरडाओरडा'. एकजण मांडणी करणार आणि बाकीचे त्याला मधेमधे तोडणार! कल्पना करा, चहाचे कप, धूर आणि विशीतली पोरं.

१९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी काळ्या समुद्राकाठच्या गेलेंजिकहून २३९ रानटी माद्या पकडून आणल्या. दिसायला सगळ्या सारख्याच. पण त्यांच्या संततीचा आपसात संकर केल्यावर ३२ वेगवेगळे आनुवंशिक बदल बाहेर पडले. म्हणजे वरून एकसारखी दिसणारी प्रजा आतमध्ये केवढं वैविध्य लपवून असते! नैसर्गिक निवडीला लागणारा कच्चा माल तिथेच साठलेला असतो. डार्विन आणि मेंडेल एकमेकांच्या विरोधात नाहीत, हे चेतवेरिकोव्हनं १९२६ च्या आपल्या दीर्घ लेखात मांडलं.

१९२९ मध्ये त्याला अटक झाली. उघड खटला नाही, काही नाही. उरल भागातल्या स्वेर्दलोव्स्कला हद्दपारी. मॉस्को सुटली, माश्या सुटल्या, गट पांगला. तिथे तो प्राणिसंग्रहालयाचा सल्लागार होता. १९३२ नंतर व्लादिमिर गावात, शेतीवरच्या किडींचा बंदोबस्त शिकवणाऱ्या एका संस्थेत त्यानं कीटकशास्त्र आणि गणित शिकवलं. लोकसंख्या-जनुकशास्त्राचा पाया घालणारा माणूस, वर्गात उभा राहून अळ्या ओळखायला शिकवतोय. (अण्णांची फाईल हातात असताना हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.)

१९३५ मध्ये तो गोर्कीच्या, म्हणजे आजच्या निझ्नी नोव्हगोरोदच्या, विद्यापीठात आला आणि तिथे त्याच्या हाती आला रेशमाचा किडा. तुतीवरचा नव्हे, ओकच्या पानांवर वाढणारा चिनी टसर पतंग. आपल्या भंडारा-गडचिरोलीत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाचे लोक कोशासाठी जो किडा वाढवतात, त्याचाच हा सख्खा चुलतभाऊ, एकाच प्रजातीसमूहातला. सरकारला पॅराशूटच्या कापडासाठी रेशीम हवं होतं आणि रशियात ओकची जंगलं भरपूर.

अडचण एकच होती. हा पतंग वर्षातून दोन पिढ्या काढतो. मध्य रशियाचा उन्हाळा तेवढा पुरत नाही. दुसऱ्या पिढीच्या अळ्या मोठ्या होईपर्यंत पानं गळायला लागतात, थंडी पडते आणि अळ्या मरतात. चेतवेरिकोव्हनं काय केलं, तर जे कोष त्याच उन्हाळ्यात न फुटता पुढच्या वसंतापर्यंत झोपून राहतात, तेवढेच निवडले. पिढ्यानपिढ्या निवडत गेला, आणि वर्षाला एकच पिढी काढणारी जात तयार झाली. जनुकशास्त्राच्या ज्ञानाचा हा अगदी रोखठोक उपयोग होता. ऐन युद्धाच्या काळात त्याचं हे काम चालू होतं.

आता त्याच्या विद्यार्थ्यांकडे वळतो. गुरूच्या अटकेनंतर त्यांतले दोघं, बोरिस अस्ताउरोव्ह आणि निकोलाय बेल्यायेव्ह, १९३० च्या सुमारास ताश्कंदच्या रेशीम संस्थेत गेले. तिथे तुतीवरच्या किड्यावर काम करताना अस्ताउरोव्हनं एक विलक्षण गोष्ट साधली. नराशी संबंध न आलेल्या मादीची अंडी काढायची आणि ४६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १८ मिनिटं बुडवायची. बस्स! त्या अंड्यांतून अळ्या बाहेर येतात, सगळ्या माद्या, आणि आनुवंशिकतेनं हुबेहूब आईसारख्या. दुसऱ्या एका पद्धतीनं त्यानं अंड्यातलं आईचं केंद्रक निकामी करून निव्वळ बापाच्या गुणसूत्रांवर वाढलेले किडेही मिळवले, आणि ते सगळे नर. रेशीम उत्पादकाला नरच हवे असतात, कारण ते कमी पाल्यात जास्त रेशीम देतात. म्हणजे सरकारला कोष मिळत होते आणि अस्ताउरोव्हला जनुकशास्त्र करता येत होतं.

इथवर वाचताना मला वाटायला लागलं होतं की चला, रेशमानं या माणसांना आडोसा दिला. पण इतकं सरळ नाही ते. निकोलाय बेल्यायेव्ह ताश्कंदहून तिबिलिसीला गेला, तिथेही रेशीमकिड्यांवरच काम करत होता. १९३७ मध्ये त्याला अटक झाली आणि गोळ्या घातल्या गेल्या. रेशीम त्याच्या कामी आलं नाही. (त्याचा धाकटा भाऊ दिमित्री. १९५९ पासून सायबेरियात कोल्हे माणसाळवण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग सुरू झाला, तो याच दिमित्री बेल्यायेव्हचा.) निकोलाय वाविलोव्ह हा केवढा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ! तो १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात गेला. आणि ऑगस्ट १९४८ मध्ये लिसेन्कोच्या गटानं सरकारी पाठिंब्यावर जनुकशास्त्रच खोटं ठरवलं. चेतवेरिकोव्ह तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. विद्यापीठातली त्याची जागा गेली आणि पतंगांवरचं कामही थांबलं.

शेवटची वर्षं त्यानं आजारपणात, जवळजवळ अंधपणात काढली. १९५९ मध्ये जर्मनीच्या लिओपोल्डिना अकादमीनं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या शताब्दीनिमित्त त्याला डार्विन पदक जाहीर केलं. त्याच वर्षी तो गेला. त्याच्या १९२६ च्या लेखाचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं १९६१ मध्ये.

अस्ताउरोव्ह मात्र टिकला. लिसेन्कोची सत्ता १९६५ मध्ये संपली. पुढच्याच वर्षी देशातल्या जनुकशास्त्रज्ञांची नवी संघटना उभी राहिली, तिचा पहिला अध्यक्ष अस्ताउरोव्ह. १९६७ मध्ये त्यानं विकासजीवशास्त्राची संस्था काढली. १९७० मध्ये लिसेन्कोवर पुस्तक लिहिणाऱ्या झोरेस मेदवेदेव्हला धडधाकट असताना मनोरुग्णालयात डांबलं, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी हा उघडपणे उभा राहिला. वय पासष्ट, गमावण्यासारखं पुष्कळ. तरीही.

मला प्रश्न पडतो तो चेतवेरिकोव्हचा. नवी जात काढली हे खरंच. पण तो माश्यांच्या बाटल्यांपाशीच राहिला असता तर? १९२९ ते १९५९, तीस वर्षं. पतंगांवरचं काम हलकं होतं असं मी म्हणणार नाही. त्यानं ते मन लावून केलं हे दिसतंच. पण मन लावून केलं म्हणून हिरावलेलं काम भरून निघतं असंही नाही. दोन्ही खरं असू शकतं. "तेही कामच होतं" हे अण्णांचं वाक्य मी इतकी वर्षं समाधानाचं समजत होतो. त्यातल्या 'तेही'कडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

असो. साडी उन्हात घालून परत ठेवली. फाईल माझ्याकडे आहे. माईआत्या, अण्णांच्या ज्वारीच्या वह्या, त्या निळ्या पुठ्ठ्याच्या, तुझ्या माळ्यावर असतील का गं? दिवाळीत येईन तेव्हा बघू या.