तीन बंदुकांची सायकल आणि महूचे रस्ते

या वेळच्या फोटोंत माणसं कमी आणि सायकल जास्त दिसेल. महूच्या पोस्टिंगमध्ये घेतलेली ही जुनी बीएसए. अठ्ठावीस इंची चाकं, रॉडचे ब्रेक, स्प्रिंगांची चामडी सीट आणि टायरला घासत चालणारा डायनॅमो. गिअर नाहीत, त्यामुळे घाई हा विषयच नाही.

पहिल्या फोटोत हँडलखालचा बिल्ला नीट पाहा. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्या आहेत. ड्रिल केलेला कुणीही जवान लगेच म्हणेल, ‘पाइल आर्म्स!’ बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. 1861 मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी एकत्र येऊन हा कारखाना काढला. पुढे सरकारी ऑर्डरी आटल्या, यंत्रं बसून राहिली, तेव्हा 1880 मध्ये त्यांनी सायकलींच्या धंद्यात हात घातला. दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीनं छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकलही बनवली. म्हणजे माझी सायकल जातीची फौजीच!

छावणीत कॅमेरा काढता येत नाही, म्हणून रविवारी सकाळी मी बाहेरचे रस्ते धरतो. दुसरा फोटो राऊचा. महू ते इंदूर अंतर बावीस-तेवीस किलोमीटर, आणि राऊ साधारण अर्ध्या वाटेवर. इथे पोहे-जिलेबी खाऊन मी बहुतेक वेळा परत फिरतो. गाडीतून हे अंतर कळतही नाही. सायकलवर रमतगमत गेलं तर इंदूरला पोचायला दोन तास लागतात. पायदळाला एका दिवसाचा कूच, घोडदळाला काही तासांची दौड. छावणी इथेच का बसवली, याचं उत्तर या हिशेबात आहे. राजधानीच्या डोळ्यांवर येणार नाही इतकी दूर, पण वेळ पडली तर दिवस मावळायच्या आत तिथे पोचता येईल इतकी जवळ.

ही वेळ आणली महिदपूरनं. 21 डिसेंबर 1817 रोजी क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज सर थॉमस हिस्लॉप आणि सर जॉन माल्कम यांच्या सैन्याशी भिडली. यशवंतराव होळकर 1811 मध्ये गेले होते, गादीवर अल्पवयीन मल्हारराव. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना लढाईच्या आदल्या रात्री आपल्याच लोकांनी मारलं होतं. अशा अवस्थेतही होळकरांचे गोलंदाज तोफांना चिकटून राहिले. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून जवळजवळ आठशे होते. गोलंदाजांनी कसूर केली नाही, पण वर हुकूम देणारं एक डोकं नव्हतं. पंधरवड्यानं, 6 जानेवारी 1818 रोजी, मंदसोरचा तह झाला. त्याच वर्षी इंदूर होळकरांची राजधानी ठरली आणि त्याच वर्षी महूला छावणी पडली. ती वसवणारा माल्कम आपल्याला परका नाही. महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्याच नावाची.

छावणीचा हिशेब 1857 मध्ये उलटा पडला. 1 जुलैच्या सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर तोफा चालल्या. महूहून कॅप्टन हंगरफोर्डची बॅटरी मदतीला निघाली. राऊजवळ तिला निरोप मिळाला की रेसिडेन्सी सोडून सगळे निघून गेले. बॅटरी माघारी फिरली, आणि त्याच रात्री महूच्या देशी पलटणी उठल्या. नजर ठेवायला आणलेल्या फौजेवरच नजर ठेवायची पाळी आली. मी पोहे खातो त्याच रस्त्यावर हे घडलं, आणि तिथे त्याची कुठे पाटीसुद्धा दिसली नाही.

तिसरा फोटो जाम दरवाज्याचा. महूपासून तीसेक किलोमीटर, शेवटी शेवटी उतरून सायकल ढकलत गेलो. माळव्याचं पठार इथे संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. अहिल्याबाईंनी 1791 मध्ये हा दरवाजा बांधला, महेश्वरच्या वाटेवर. छावणी पडण्याआधी सत्तावीस वर्षं या वाटेचा बंदोबस्त आपल्या माणसांच्या हातात होता. दरवाज्याखाली उभं राहून घाटाकडे बघितलं की जागेची निवड करणाऱ्याला सलाम ठोकावासा वाटतो.

शेवटचा फोटो काली पलटणचा. हिंदी शिपायांच्या वस्तीला गोऱ्यांच्या काळात पडलेलं हे नाव. इथल्या लष्करी शाळेत सुभेदार रामजी सकपाळ हेडमास्तर होते, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचे. 14 एप्रिल 1891 रोजी त्यांच्या घरी भीमराव जन्मले. त्यानंतर थोड्याच वर्षांत महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनी सरकारसाठी लढाया मारल्या, त्यांना ‘लढवय्ये नाहीत’ असा शेरा मिळाला. तो पुसायला 1941 साल उजाडावं लागलं, तेव्हा महार रेजिमेंट उभी राहिली. आज त्या जागी संगमरवरी स्मारक आहे. चौदा एप्रिलला महाराष्ट्रातून एवढी माणसं येतात की महूत मराठीच जास्त ऐकू येते.

महिदपूरची हार मला अजून सलते. पण त्या हारेतून उभ्या राहिलेल्या छावणीत एका मराठी सुभेदाराच्या पोरानं डोळे उघडले, आणि पुढे देशाच्या राज्यघटनेचा मसुदा त्याच्या हातून झाला. ज्या फौजेनं होळकरांवर पहारा ठेवला तिच्याच आवारात आता आपली पोरं इन्फंट्री स्कूलचे कोर्स करतात. तुमच्यापैकी किती जणांनी महूला कोर्स केले असतील! तेव्हा रविवार झोपेत आणि इंदूरच्या सराफ्यात गेला असेल, तर पुढच्या खेपेला एक जुनी सायकल मिळवा आणि निदान काली पलटणपर्यंत जाऊन या.