पाच डाव, तेरा धावा: घसरणीतल्या ताऱ्याची वाट किती पाहावी?

१/ जुलै-ऑगस्ट २०१२. भारत श्रीलंकेत पाच एकदिवसीय सामन्यांची मालिका खेळत होता. मुंबईच्या एका पंचवीस वर्षीय फलंदाजाच्या धावा अशा: ५, ०, ०, ४, ४. एकूण तेरा. भारताने मालिका ४-१ अशी जिंकली. पण चर्चा झाली ती या तेरा धावांची. फलंदाजाचे नाव रोहित शर्मा.

२/ रोहित वाढला बोरिवलीत, आजी-आजोबांकडे. पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघाले की दहिसर आणि मग लगेच मीरा रोड. विरार लोकलच्या गर्दीत खांद्यावर किटबॅग सांभाळत दादर-चर्चगेट गाठणाऱ्या मुलांचा हा पट्टा. त्यामुळे रोहितचे अपयश इथल्या फलाटांवर घरातल्या गोष्टीसारखे चघळले गेले. प्रश्न एकच होता: आणखी किती संधी द्यायच्या?

३/ प्रश्न अवाजवी नव्हता. एकदिवसीय पदार्पण २००७ मधले. पाच वर्षांत शतके दोन, दोन्ही २०१० मध्ये झिंबाब्वेत. २०११ च्या विश्वचषक संघात स्थान नाही. तिकडे मनोज तिवारीने डिसेंबर २०११ मध्ये चेन्नईत वेस्ट इंडिजविरुद्ध शतक केले आणि पुढच्या संधीसाठी त्याला सुमारे सात महिने वाट पाहावी लागली. एकाला दाखवलेल्या संयमाची किंमत दुसराच कोणी मोजत असतो.

४/ तरीही कर्णधार महेंद्रसिंह धोनीने रोहितला सोडले नाही. २३ जानेवारी २०१३ रोजी मोहालीत इंग्लंडविरुद्ध अजिंक्य रहाणेला वगळून रोहितला संघात घेतले गेले, आणि तेही मधल्या फळीत नव्हे, थेट सलामीला. धावा झाल्या ८३. पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे: नोव्हेंबर २०१३ मध्ये बंगळुरूत २०९, नोव्हेंबर २०१४ मध्ये ईडन गार्डन्सवर २६४, डिसेंबर २०१७ मध्ये त्याच मोहालीत नाबाद २०८.

५/ या कथेला शाळेतला एक पूर्वाध्याय आहे. रोहित आरंभी ऑफस्पिन टाकणारा आणि खालच्या क्रमांकावर येणारा खेळाडू होता. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याच्यातला फलंदाज ओळखला आणि त्याला आठव्या क्रमांकावरून सलामीला आणले. म्हणजे दोन्ही वेळा केवळ वाट पाहिली गेली नाही. गुणावरचा विश्वास कायम ठेवून जागा बदलली गेली.

६/ संयमाचा हा हिशेब अमेरिकेतील बेसबॉलप्रेमींनी खेळाच्या रूपात मांडला. १९६१ मध्ये हॅल रिचमन यांनी ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा पत्ते आणि फाशांचा बेसबॉल बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचा पत्ता त्याच्या संपूर्ण हंगामाच्या कामगिरीवरून तयार होई. फासे चार दिवस उलटे पडले तरी पत्त्यावरचे आकडे बदलत नसत. फासे म्हणजे नशीब, पत्ता म्हणजे कुवत. दोहोंतला फरक खेळणाऱ्याच्या हातातच असे.

७/ १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट व त्यांच्या मित्रांनी ‘रोटिसरी लीग’ सुरू केली. खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ, आणि निकाल हंगामाअखेर. बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा. त्यात नामांकित फलंदाजाचे दोन आठवडे कोरडे जाणे ही नित्याची बाब. घाबरून त्याला देऊन टाकणारा मालक बहुधा पुढे पस्तावतो.

८/ यामागचे तत्त्व त्याहून जुने. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास मांडला. अतिशय उंच पालकांची मुले सरासरीच्या दिशेने सरकलेली आढळली. टोकाच्या निरीक्षणात योगायोगाचाही वाटा असतो, आणि तो पुढच्या वेळी टिकतोच असे नाही. क्रिकेटमध्येही चाळीसच्या सरासरीच्या फलंदाजाचे निम्म्याहून अधिक डाव चाळिशीच्या आतच संपतात. सरासरी उभी राहते ती थोड्या मोठ्या खेळींवर. पाच डावांवरून माणूस जोखणे म्हणूनच धोक्याचे.

९/ आकडे ठाऊक असूनही प्रेक्षकांचा धीर सुटतो. डिसेंबर २००५ मध्ये सचिन तेंडुलकरने दिल्लीत पस्तिसावे कसोटी शतक करून सुनील गावसकरांचा विक्रम मागे टाकला. मार्च २००६ मध्ये, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांनी, इंग्लंडविरुद्ध तो एका धावेवर बाद झाला, तेव्हा घरच्याच वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली. त्यानंतर त्याने आणखी १६ कसोटी शतके केली.

१०/ मात्र मुंबईच्या इतिहासात याची दुसरी बाजूही आहे. विनोद कांबळीच्या पहिल्या सात कसोटींत ७९३ धावा, सरासरी ११३.२९, त्यात दोन द्विशतके, दोन शतके. पुढच्या दहा कसोटींत केवळ २९१. नोव्हेंबर १९९५ मध्ये शेवटची कसोटी खेळला तेव्हा त्याचे वय तेवीस होते. कारकिर्दीची सरासरी ५४.२०.

११/ कांबळीच्या बाबतीत आखूड टप्प्याच्या वेगवान चेंडूंची अडचण वारंवार बोलली गेली. पाच डावांपेक्षा तेरा डावांचा पुरावा निश्चितच वजनदार. पण पहिले आठ डाव तरी कुठे मोठा नमुना होते? ११३ ही सरासरी टिकणारी नव्हतीच. तिच्याशी तुलना करून पुढचे डाव मोजले की साधारण घसरणही कडेलोट वाटते. त्याला कसोटीत आणखी एक संधी मिळाली असती तर काय झाले असते, याचे उत्तर कोणत्याही फाशात नाही.

१२/ २००८ मध्ये मुंबईत ‘ड्रीम ११’ ची स्थापना झाली आणि पुढे काल्पनिक संघ मोबाइलवर आले. येथे हंगाम नव्हता. एका सामन्यापुरता संघ. आयपीएलची नाणेफेक सायंकाळी सातला. तीच कामावरून घरी परतण्याची वेळ. गेल्या तीन डावांत अपयशी ठरलेल्या ताऱ्याला एका बोटाने वगळता येई. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या नव्या कायद्यानंतर पैशांच्या स्पर्धा बंद झाल्या. पण ताजा आकडा म्हणजेच खरा माणूस, ही सवय उरली.

१३/ तेव्हा घसरणीतल्या ताऱ्याबाबत तीन गोष्टी पाहाव्यात. पुरावा किती डावांचा? अपयश दैवाचे की उघड दिसणाऱ्या तांत्रिक दोषाचे? आणि दोष असेल तर जागा, भूमिका वा सराव बदलून तो दूर होतो का? रोहितसाठी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले. संयम म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे.

१४/ आजही पहाटेच्या गाडीला मीरा रोडवरून किटबॅग घेतलेली मुले चढतात. त्यांतील प्रत्येकाच्या वाट्याला कधीतरी ५, ०, ०, ४, ४ येणारच. त्या दिवशी त्यांच्याकडे कोण पाहत असेल, पत्ता वाचणारा की फासे मोजणारा, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.