प्रेस्टेलचा खटला आणि अभिरूप न्यायालय : कायद्यातील पोकळी कशी सापडते?

१/८ सन १९८६. रॉबर्ट शिफ्रीन आणि स्टीफन गोल्ड हे दोन तरुण लंडनच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभे होते. ब्रिटिश टेलिकॉमच्या ‘प्रेस्टेल’ या संगणक सेवेत ते दुसऱ्यांची खातेओळख आणि परवलीचा शब्द वापरून शिरले होते. प्रिन्स फिलिप यांची टपालपेटीही त्यांच्यापुढे उघडी पडली होती.

२/८ अडचण अशी, की संगणकातील अनधिकृत प्रवेशाला गुन्हा ठरविणारा कायदा इंग्लंडमध्ये तेव्हा अस्तित्वातच नव्हता. म्हणून त्यांच्यावर १९८१च्या बनावट दस्तऐवजविषयक कायद्याखाली खटला चालला.

३/८ क्षणभर यंत्रात राहून पुसले जाणारे विद्युत्संकेत म्हणजे ‘दस्तऐवज’ का? ज्यूरीने दोषी ठरविले. ७५० आणि ६०० पौंड दंड झाला. अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ही मुक्तता कायम केली. पुढे १९९० मध्ये संगणक गैरवापराचा स्वतंत्र कायदा झाला.

४/८ कायद्याचे शब्द असे आधीच तपासून पाहण्याची रीत त्याच लंडनमध्ये फार जुनी आहे. तेथील ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्ये मध्ययुगापासून विद्यार्थी कल्पित प्रकरणांवर युक्तिवाद करीत. त्यांपैकीच ग्रेज इन या संस्थेतून डॉ. आंबेडकर बॅरिस्टर झाले. आज आपण या रीतीला अभिरूप न्यायालय म्हणतो.

५/८ आता आपल्याकडील एक अभिरूप खटला कल्पू. एका रुग्णालयाच्या संगणकातून रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संस्थेने ‘वाजवी’ सुरक्षा राखणे बंधनकारक आहे; कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड.

६/८ ‘वाजवी’ म्हणजे किती? रुग्णालयाचा वकील खर्चाकडे बोट दाखवील. विरुद्ध पक्ष विचारील, की वर्षानुवर्षे एकच परवलीचा शब्द सर्वांनी वापरणे कोणत्या अर्थाने वाजवी? कायद्यातील एकच शब्द येथे दोन्ही बाजूंनी उलगडतो.

७/८ मग रुग्णाची भूमिका करणारी विद्यार्थिनी उठते : “माझा आजार गावभर झाला. मला काय मिळणार?” दंडाची रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जाते, तिच्या हाती नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे कलम ४३-अ वगळण्याची तरतूदही याच नव्या कायद्यात आहे. तिने कोणते दार ठोठवायचे? कलमे नुसती वाचताना हा प्रश्न सहसा सुटून जातो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून तो विचारला गेला, की टाळता येत नाही.

८/८ प्रेस्टेल प्रकरणात कायद्यातील पोकळी निश्चित होण्यास दोन खरे आरोपी, तीन न्यायालये आणि अनेक वर्षे लागली. वर्गातील अभिरूप खटल्यात ती एका दुपारीही सापडू शकते, आणि त्यासाठी कोणा रुग्णाची अब्रू खर्ची पडत नाही.