लाट मशीद, धार

लाट मशीद : मध्य प्रदेशातील धार शहराच्या दक्षिण बाजूची पंधराव्या शतकाच्या आरंभीची जामा मशीद. माळव्याचा सुभेदार दिलावरखान घोरी याने दिल्लीशी संबंध तोडून स्वतंत्र सत्ता स्थापल्यावर ती हिजरी ८०७ मध्ये (इ. स. १४०५) उभारली. त्याचा मुलगा होशंगशाह याने राजधानी मांडूला नेली. त्यामुळे धार मागे पडले आणि माळव्याच्या सुलतानांची ही सुरुवातीची वास्तू नंतरच्या भव्य फेरबदलांतून वाचली. समोर पडलेल्या लोखंडी स्तंभावरून तिला हे नाव मिळाले. ‘लाट’ हा येथे हिंदीतला खांब. पाण्याच्या लाटेशी त्याचा संबंध नाही.

अंतर्भाग : पूर्वेकडील प्रवेशमंडपातून आत शिरल्यावर मधोमध मोकळे अंगण लागते. त्याभोवती खांबांच्या ओवऱ्या आहेत. पश्चिमेची बाजू अधिक खोल असून तेच प्रार्थनागृह होय. मक्केची दिशा दाखवणारे मेहराब तिथल्या भिंतीत आहेत. दुसरा प्रवेश उत्तरेकडून आहे. प्रवेशद्वारांवरील फार्सी कोरीव लेखांमुळे बांधकामाचा काळ व बांधणाऱ्याचे नाव निश्चित करता येते. माळव्यातल्या इतक्या जुन्या वास्तूला स्वतःचा लेख असणे मोलाचे आहे.

आतले खांब मशिदीसाठी घडवलेले नाहीत. ते जुन्या देवळांतून आणून येथे बसवलेले आहेत. कोणता खांब कुठल्या देवळाचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. परमार राजवंशाच्या काळातील माळव्यात खांबाची घडण सहसा खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी व वर गोल अशी असते. त्यावर कोरीव पट्टे, मग शीर्ष आणि शीर्षावर दगडी तुळई. पाहणाऱ्याने दोन खांबांच्या मधे उभे राहून वर पाहावे. छताचा भार तुळई पेलते, पण तिच्या खाली, खांबापासून खांबापर्यंत, टोकदार कमानी बसवलेल्या दिसतात. त्या काहीही उचलत नाहीत. त्या काढल्या तरी छत जागेवर राहील. त्या केवळ शोभेसाठी आहेत, आणि म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. तुळईची सवय असलेले कारागीर आणि कमानीची आवड असलेला धनी, दोघांचे एकाच ओवरीत कसे जमले ते इथे उघड दिसते. वास्तुकलेचे इतिहासकार पर्सी ब्राउन यांनी माळव्याच्या वास्तुकलेच्या पहिल्या टप्प्यात या मशिदीला जागा दिली. प्रवेशमंडपांत त्यांना दिल्लीच्या तुघलकी शैलीची छाया दिसली. घुमटही खऱ्या कमानीच्या तत्त्वावर नाहीत. दगडांचे थर एकावर एक आत सरकवत नेऊन ते मिटवलेले आहेत, जसे देवळाच्या सभामंडपाचे छत मिटवतात. मांडूतील दिलावरखानाची मशीद व मलिक मुघीसची मशीद (१४३२) यांत हीच रीत पुढे चालते.

लोखंडी लाट : मशिदीवरील बहुतेक लेखन या स्तंभाविषयी आहे. आज त्याचे तीन तुकडे उरले आहेत. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घेतलेल्या मापांनुसार त्यांची लांबी २४ फूट ३ इंच, ११ फूट ७ इंच व ७ फूट ६ इंच, म्हणजे एकूण ४३ फूट ४ इंच (सुमारे १३.२ मी.) भरते. वजन सुमारे ७ टन. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ ७.२ मी. आहे, म्हणजे धारचा जवळजवळ दुप्पट लांब. पहिला तुकडा चौकोनी, दुसरा काही भाग चौकोनी व पुढे अष्टकोनी, तिसरा अष्टकोनी असून टोकाला गोल होतो. आतल्या दगडी खांबांचा क्रमही हाच आहे. लोहार आणि पाथरवट एकाच घडणीचा विचार करीत असावेत. मशिदीचा अंतर्भाग आणि बाहेरची लाट एकत्रच अभ्यासायला हव्यात.

स्तंभ ओतीव नाही. लोखंडाचे गोळे तापवून, आडवे ठेवून, एकमेकांवर ठोकून तो घडवलेला आहे. अंगावर जागोजागी भोके आहेत. तापलेला भार फिरवताना त्यांत पहारी घालत, असे एक मत आहे. कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्ली व धार या दोन्ही स्तंभांचा अभ्यास केला. स्तंभ परमार राजा भोजाचा (अकरावे शतक), असे परंपरा मानते. परमारकालीन म्हणणे अधिक सुरक्षित.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह हा स्तंभ नेऊ पाहत असताना स्तंभ पडून मोडला, असे मुघल बादशहा जहांगीर लिहितो. दख्खनच्या वाटेवर अकबर येथे थांबल्याचा फार्सी लेख लाटेवर आहे. जहांगीर १६१७ मध्ये मांडूला जाताना धारला आला. मोठा तुकडा आग्र्याला नेऊन अकबराच्या कबरीच्या आवारात उभा करावा व त्यावर दिवा लावावा, असा हुकूम त्याने दिला. तो अमलात आला नाही.

लोककथा : गंगू तेलणीच्या तराजूची दांडी म्हणजे ही लाट, असे माळव्यात सांगतात. मराठीत तेल्याच्या घाण्यातील जाड दांड्यालाही लाट म्हणतात, आणि ‘कुठे राजा भोज, कुठे गंगू तेली’ ही म्हणही आपल्याकडे रूढ आहे.

मराठी काळ : अठराव्या शतकात धार व देवास पवार घराण्याकडे आले. धार संस्थानचे काशिनाथ कृष्ण लेले यांनी शहरातील शिलालेखांचा शोध घेतला व ब्रिटिश अधिकारी ल्यूअर्ड यांच्यासह परमारांचा इतिहास लिहिला (१९०८).

संरक्षण : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. तुकडे मशिदीबाहेर चौथऱ्यावर आडवे ठेवले आहेत.